पॉकेट अरुंद केलं म्हणजे नेम येतो?

"कापड बदलताय ना, मग पॉकेटंही टाइट करून घ्या. महिन्याभरात नेम आपोआप बसतो." घरच्या पूल टेबलाची डागडुजी काढली की हे वाक्य कानावर पडतंच. टेबल बसवणारा मिस्त्री ते सांगतो, सोसायटीच्या क्लबहाउसमधले सर्वज्ञ काका सांगतात, आणि ज्याने सलग तीन बॉल कधी पॉट केलेले नाहीत तोही आत्मविश्वासाने सांगतो. नेरुळ-सीवूड्सच्या रो-हाउसांत आणि खारघरच्या टॉवरांत हौसेने आणलेली टेबलं आता कापड-रबर बदलण्याच्या वयाला आली आहेत, त्यामुळे हा सल्लाही जोरात आहे. पुढे काय होतं तेही ठरलेलं. नव्या टेबलावर पहिले पंधरा दिवस बॉल जबड्यात खडखडून बाहेर येतात, घरातली मुलं कंटाळून निघून जातात, आणि मालक म्हणतात, "थांबा, नेम तयार होतोय."

होत नसतो. निदान पॉकेटामुळे तरी नाही.

या समजाचं मूळ बहुधा कॅरममध्ये आहे. कॅरमच्या नियमांत पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर आणि सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ सेंटिमीटर, म्हणजे पॉकेट सोंगटीच्या १.४ पट. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, आणि जुन्या घरगुती टेबलांवर कोपऱ्याचं पॉकेट बरेचदा ५ इंचांचं, म्हणजे १२७ मिलिमीटर. हे झालं बॉलच्या सव्वादोन पट. चाळीच्या गॅलरीत कॅरमवर हात बसलेल्या माणसाला असं पॉकेट भगदाडच वाटणार. पण कॅरमचा बोर्ड ७४ सेंटिमीटरचा, तर आठ फुटी टेबलावर खेळायची लांबी ८८ इंच, म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. तिप्पट अंतरावर पॉकेटाच्या रुंदीचा अर्थच बदलतो.

तो अर्थ मिलिमीटरमध्ये पाहू. ५ इंची पॉकेटातून बॉलची जाडी वजा केली की मोकळी जागा उरते ७० मिलिमीटर, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना पस्तीस-पस्तीस. पॉकेट साडेचार इंचांचं केलं की एकूण मोकळी जागा ५७ वर येते आणि ४ इंचांचं केलं की ४४ वर. पॉकेट अरुंद झालं एक-पंचमांशाने, पण चुकायची मुभा गेली एक-तृतीयांशाहून जास्त. "अहो, फक्त इंचभर तर कमी केलंय" म्हणणाऱ्याने ही वजाबाकी केलेली नसते.

आता दुसरं टोक बघा. सरळ शॉटमध्ये पांढरा बॉल आपल्या रेषेपासून १ मिलिमीटर बाजूला जाऊन लागला, तर समोरच्या बॉलची दिशा सुमारे १ अंशाने चुकते. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे हा हिशेब इतका सोपा बसतो. दीड मीटरवरच्या ५ इंची पॉकेटात जबड्याला न शिवता जायला १.३ अंशांची चूक चालते, ४ इंचीत ०.८५ अंशाची. म्हणजे दोन्ही पॉकेटांमधला फरक पांढऱ्या बॉलपाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे. ज्याचा हात तीन मिलिमीटर इकडे-तिकडे जातो तो जुन्या टेबलावरही चुकत होता, नव्यावरही चुकेल. ज्याचा हात अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतो त्याला फरक फारसा जाणवणार नाही. मार बसतो तो मधल्याला, ज्याची चूक एक-सव्वा मिलिमीटरची आहे आणि जी जुनं पॉकेट पोटात घालत होतं.

त्या मधल्याला टाइट पॉकेट एवढंच कळवतं की तो चुकला. कोपर बाहेर गेलं, डोकं लवकर वर आलं, क्यू मनगटात वळला की मुळात नजरच चुकीच्या रेषेवर होती, यातलं काहीही पॉकेट सांगत नाही. ते आपलं आपण शोधायचं असतं. आपले बॉल कोणत्या जबड्याला लागतात याची नोंद ठेवा. नेहमी एकाच बाजूला लागत असतील तर बघण्यात किंवा उभं राहण्यात खोट आहे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे लागत असतील तर हात सरळ जात नाही. ही नोंद पाच इंची पॉकेटावरही तितकीच ठेवता येते, त्यासाठी मिस्त्रीला पैसे द्यावे लागत नाहीत.

उलट टाइट टेबलावर एक वाईट सवय फार लवकर लागते. माणूस घाबरून क्यू ढकलू लागतो. पूर्ण स्ट्रोक जातो आणि त्याच्या जागी एक चोरटा, अर्धवट धक्का येतो. पांढरा बॉल पुढे कुठे थांबणार याचा विचार बंद पडतो, कारण सगळा जीव हा एक बॉल कसाबसा आत घालण्यात गुंतलेला असतो. पूलमध्ये सामना जिंकून देणारी गोष्ट मात्र पुढचा शॉट सोपा ठेवणं हीच आहे. बिलियर्ड्सच्या टेबलावर याचं उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे. मायकल फरेरा यांनी १९७८ मध्ये ११४९ चा ब्रेक केला, आणि हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. असा ब्रेक लांबून अवघड पॉट मारून होत नाही. बॉल हाताशी, जवळ जवळ ठेवत, पुन्हा पुन्हा सोपी जागा निर्माण करून होतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, तेही याच खेळात, जिथे पॉकेटापेक्षा बॉलवरचा ताबा मोठा.

बरं, डागडुजीत बदललं ते फक्त पॉकेट होतं का? हा प्रश्न कुणी विचारतच नाही, याचीच मला जास्त चीड येते. कापड नवं आलं. कुशनचं रबर नवं आलं. स्लेटचे तीन तुकडे पुन्हा लेव्हल झाले, सांधे भरले गेले. नव्या कापडावर बॉल घसरतो जास्त आणि गडगडायला उशिरा लागतो. कुशनवरून तो सवयीपेक्षा लांबचा कोन घेऊन निघतो. नवं रबर त्याला जोरात परत फेकतं. कापड खेळून जरा मुरलं की यातलं बरंचसं निवळतं. तोवर पांढरा बॉल भलत्याच जागी थांबतो, तिथून अवघड कोन मिळतो, पॉट हुकतो आणि शिव्या पॉकेटाला बसतात. पाच गोष्टी एकाच दिवशी बदलायच्या आणि निकालाचं श्रेय किंवा दोष एकीलाच द्यायचा, याला अनुभव म्हणत नाहीत.

पॉकेटाचंही एकच माप नसतं. मिस्त्री "चार इंच केलंय" म्हणाला तर पहिला प्रश्न असा की मोजलं कुठे? तोंडाची रुंदी म्हणजे एका कुशनच्या टोकापासून समोरच्या कुशनच्या टोकापर्यंतचं अंतर. बरेच जण आतला घसा मोजतात किंवा थेट भोक मोजतात. घरी टेप नसला तरी अडत नाही. तोंडात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवून पाहा. ते नेमके मावले तर तोंड साडेचार इंचांचं आहे, कारण दोन बॉलची रुंदी बरोबर तेवढीच होते. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या मापांत कोपऱ्याच्या पॉकेटासाठी साडेचार ते ४.६२५ इंच आणि मधल्या पॉकेटासाठी ५ ते ५.१२५ इंच असा पल्ला दिलेला आहे. दोन बॉल मावतच नसतील तर आपलं घरचं टेबल या मापापेक्षाही कडक झालं. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

दुसरं माप जबड्याच्या कोनाचं. याच नियमावलीत कोपऱ्यासाठी तो १४२ अंश आणि मधल्या पॉकेटासाठी १०४ अंश आहे, एखाद्या अंशाच्या फरकाने. कोपऱ्याचे दोन्ही जबडे १३५ अंशांवर कापले असते तर ते एकमेकांना समांतर राहिले असते. १४२ वर ते आत जाताना जवळ येतात. हाच कोन कामात चुकून चार-पाच अंशांनी वाढला तर घसा आणखी आवळतो, आणि तोंड साडेचार इंचांचं असूनही पॉकेट आलेला बॉल ओकून टाकतं. शेजारच्या घरच्या टेबलाचं तोंड आपल्याइतकंच असून ते "सोपं" का वाटतं, याचं उत्तर बहुधा इथे असतं.

तिसरी गोष्ट जबड्यावरच्या रबरी पट्टीची. स्वस्तात पॉकेट टाइट करायचं तर मिस्त्री पट्टीवर पट्टी चिकटवतो. नियमांत ही पट्टी जास्तीत जास्त पाव इंच जाड चालते. पाचाचं साडेचार करायचं तर प्रत्येक बाजूला सुमारे पाव इंच भर घालावी लागते, आणि मूळची पट्टी तिथे असतेच. म्हणजे केवळ रबराने हे काम मापात बसत नाही; कुशनमागचं लाकूड वाढवून कोन नव्याने कापावा लागतो. जाड, मऊ रबराच्या थरावर बॉल कसाही उसळतो. असं टेबल टाइट असतं खरं, पण ते कधी घेईल आणि कधी फेकेल याचा नेम नसतो. त्यावर सराव करून काय शिकणार? एक गोष्ट मात्र खेळणाऱ्याच्या बाजूने जाते. जबडे वाढवले की तोंडाची रेषा कोपऱ्याकडे सरकते आणि तोंडापासून स्लेटच्या कडेपर्यंतचा कट्टा थोडा कमी खोल होतो, त्यामुळे तोंडाशी आलेला बॉल तिथेच लोंबकळत राहण्याची शक्यता किंचित घटते.

मग टाइट पॉकेट करूच नये का? ज्याचे सरळ पॉट दहातले आठ-नऊ जातात, त्याने खुशाल करावं; त्याच्या खेळातली ढिलाई तिथे दिसते. बाकीच्यांनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरी मुलं खेळतात त्यांनी, साडेचारवर थांबावं. आधीच करून बसला असाल तर पहिले काही आठवडे छोट्या अंतरावरून खेळा आणि पांढऱ्या बॉलकडे लक्ष द्या. कुशनला चिकटून जाणारे लांब पॉट तूर्त राहू द्यात, कारण त्या दिशेने येणाऱ्या बॉलला तोंड तिरकं आणि म्हणून आणखी अरुंद मिळतं.

"हळू मारा, म्हणजे जातो" हेही लगेच सांगितलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. हळू आलेला बॉल जबड्याला लागूनही आत घरंगळतो, जोरात आलेला दोन जबड्यांत खडखडून बाहेर पडतो, हे खरं. पण कापून मारलेल्या शॉटमध्ये दोन बॉल एकमेकांना घासतात आणि समोरचा बॉल ठरलेल्या रेषेपासून थोडा ओढला जातो. ही ओढ हळू शॉटमध्ये जास्त असते आणि बॉल मळलेले असतील तर आणखी वाढते. एखाद-दोन अंश सहज जातात, आणि ४ इंची पॉकेटात आपल्याकडे एक अंशही नाही, हे वर पाहिलं. तेव्हा मध्यम वेग ठेवा, आणि आधी बॉल पुसा.

उरलेले समज एकेका ओळीचे. "पावडर टाकली की बॉल पळतो": ही कॅरमची सवय कॅरमपाशीच राहू द्या, इथे पावडर कापडात बसते आणि बॉलला चिकटते. "महागडा क्यू घेतला की टाइट टेबल जमतं": टिप गोल आणि खडू लावलेली असेल तर साधा सरळ क्यू पुरतो. "पांढरा बॉल जुना असला तरी काय बिघडतं": तो प्रत्येक शॉटला मार खातो म्हणून सर्वांत आधी झिजतो, आणि लहान झालेल्या बॉलने वरचा सगळा हिशेब ढळतो. "स्लेटचं टेबल चौथ्या मजल्यावर नेलं तर स्लॅब खचेल": भारतीय मानक आयएस ८७५ घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे दोनशे किलोंच्या आसपास भार धरतं. आठ फुटी टेबलाचं वजन त्याच्या क्षेत्रफळावर वाटलं तर एरवी या मर्यादेत बसतं. पण पायांखाली भार एकवटतो, म्हणून जुन्या सिडको इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, मिस्त्रीला नको.

राहिला पावसाळा. "जूनमध्ये टेबल बिघडतं, पॉकेटं आणखी आवळतात" असं वाशीत एकाने मला गंभीरपणे सांगितलं. पॉकेटं आवळत नाहीत. कापडात लोकर असते, लोकर हवेतला ओलावा पिते, कापड जड होतं, बॉल मंदावतो आणि कुशनवरून कोन आखूड घेतो. व्यावसायिक स्नूकरमध्ये टेबलाखाली हीटर लावून कापड कोरडं ठेवतात ते यासाठीच. खाडीकाठच्या घरात हीटर लावायचं मी सुचवणार नाही. खेळायच्या आधी तासभर एसी ड्राय मोडवर ठेवा, आणि खेळून झालं की टेबलावर आच्छादन घाला. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू नका.