घोरावडेश्वराच्या डोंगरावर धूर? उपग्रहाला विचारा!

फेब्रुवारी ते मे हा मावळातला वणव्यांचा मोसम. बेगडेवाडी स्टेशनातून डोंगरावर धूर दिसला, तर त्याचा माग मोबाईलवरही काढता येतो, तोही फुकट.

🔥 आग कुठे? : नासाच्या 'फर्म्स' नकाशावर मावळ मोठा करून बघा. लाल ठिपका म्हणजे उपग्रहाने टिपलेली उष्णता. 'व्हिअर्स' उपकरणाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो. आग त्यात कुठेही असू शकते.

💨 धूर कुठे चाललाय? : नासाच्याच 'वर्ल्डव्ह्यू' संकेतस्थळावर त्याच दिवसाचं छायाचित्र उघडा. ढग पांढरेशुभ्र, तर धूर निळसर-करडा. त्याचं निमुळतं टोक आगीकडे, पसरट टोक वारा वाहतो तिकडे.

⏰ मर्यादा : 'व्हिअर्स'चे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. मधल्या वेळेत गवत पेटून विझलं, तर ठिपका उमटतच नाही. भारताचा इनसॅट उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र देतो, पण फार ढोबळ. लहान वणव्याचा धूर त्यात सापडत नाही.

म्हणून डोळ्यांना आग दिसली, तर नकाशा बघत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर लगेच कळवा.