मांडीवरची फळी

आमच्या दुकानात खरोखरच एक पडदा होता. निळ्या चौकड्यांचा, खालच्या काठाला तेलकट झालेला. पडद्यापुढे काउंटर, काचेची कपाटं, भिंतीवर टांगलेल्या गिटारी आणि गोड बोलणारे मालक. पडद्यामागे मी, एक टेबल, ट्यूबलाइट, कानशी, सोल्डरिंग आयर्न आणि पॉलिशचा नाकात बसलेला वास. सव्वीस वर्षं तिथे बसून मी पुण्यातल्या गिटारी दुरुस्त केल्या. पुढे गिऱ्हाईक काय विचारतंय आणि मालक काय सांगतायत, ते सगळं ऐकू यायचं. मध्ये बोलायची मुभा मात्र नव्हती. दुकानाचं नाव सांगत नाही. मालक अजून दिवाळीला फराळाला बोलावतात.

साध्या गिटारी रोज खपायच्या. हवाईन गिटारचं गिऱ्हाईक वर्षाला चार-पाच. हल्लीची मुलं तिला लॅप स्टील म्हणतात, पण वस्तू तीच. गिटार मांडीवर आडवी, तारा छताकडे, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार. तार पट्टीवर दाबायचीच नाही. बार नुसता तारांवर टेकवायचा आणि सरकवायचा.

एखादी आई लहान मुलाला घेऊन आली की मालकांची एक ठरलेली युक्ती होती. काउंटरवरची हवाईन पुढे ओढायची, सगळ्या तारा एकदम छेडायच्या आणि बार खालून वर सर्रकन न्यायचा. पोरगं हमखास ओरडायचं, ‘कार्टून!’ बरोबरच होतं त्याचं. ‘लूनी ट्यून्स’च्या सुरुवातीला जो सूर घसरत वर जातो, तो हवाईच्या फ्रेडी टव्हारेस यांनी स्टील गिटारवर वाजवलेला. हेच टव्हारेस पुढे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात गेले आणि स्ट्रॅटोकास्टर ही गिटार घडवण्यात त्यांचा हात लागला. मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की मूल हसलं की आई निदान युकुलेले तरी घेते.

एका जूनमध्ये, भर पावसात, एक काका आले. बँकेतून निवृत्त, छत्री दाराबाहेर नीट निथळत ठेवणारे. सुनील गांगुलींच्या कॅसेटी ऐकत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. त्या कॅसेटींत हिंदी सिनेमाची गाणी, आणि गाणाऱ्याच्या जागी हवाईन गिटार. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सगळी नावं तोंडपाठ. आता त्यांना स्वतः वाजवायचं होतं.

‘दहा हजारांच्या आत बसवा,’ काका म्हणाले. ‘बार, तारा, पिशवी, सगळं धरून.’

मालकांनी अर्थातच वरच्या कप्प्यातली काढली. वाघाच्या कातड्यासारख्या रेषांचं लाकूड, सोनेरी चाव्या, आत मखमल लावलेली पेटी. बत्तीस हजार. ‘काका, सुरुवातच चांगल्या वाद्यावर व्हावी. स्वस्तातलं घेतलं की हात बिघडतो.’

मी खोकलो.

‘याचं लाकूड बघा, याची मान बघा. एकदम स्लिम. बोटांना त्रासच नाही.’

मी पुन्हा खोकलो. काकांनी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले होते. त्यांनी मालकांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि सरळ पडदा बाजूला करून आत आले. ‘तुम्हाला सर्दी झालीय, की मला काही सांगायचंय?’

हवाईनला मान स्लिम असली काय आणि उखळाच्या मुसळासारखी असली काय, मांडीवर ठेवल्यावर तिला हात घालतो कोण? साध्या गिटारीत पैसा कशाकशात जातो, ते मी टेबलावर उघडून पडलेली एक गिटार दाखवून त्यांना सांगितलं. मानेचा गोलवा, ती वाकू नये म्हणून आत बसवलेली सळई, एकेक फ्रेट ठोकून, घासून एका पातळीत आणणं. कारागिराचा घाम तिथे गळतो. हवाईनमध्ये यातलं काहीच लागत नाही. तिचे फ्रेट म्हणजे फळीवर आखलेल्या नुसत्या रेघा, डोळ्यांना खूण म्हणून. म्हणजे एक सरळ फळी, दोन टोकांना नट आणि ब्रिज हे दोन उंच टेकू, सहा तारा, सहा चाव्या, आणि इलेक्ट्रिक असेल तर एक पिकअप. हे वाद्य मुळातच स्वस्तात चांगलं होऊ शकतं. आमच्या धंद्यात ही गोष्ट काउंटरवर कुणी बोलत नाही, कारण मग सोनेरी चाव्या कुणाला विकायच्या?

तिचा इतिहासही तसलाच. १८८९च्या सुमारास ओआहू बेटावर जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा गिटारच्या तारांवर कधी कंगवा, कधी चाकूची पाठ घासून बघायचा आणि शेवटी शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्यानं पोलादी बार करून घेतला, अशी गोष्ट सांगतात. बाजारात चाललेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटारही मांडीवरचीच. पुढे रिकनबॅकर नावानं गाजलेल्या कंपनीनं ती १९३२ साली काढली. लांब दांडा आणि बुडाला गोल तबकडी, सगळं ॲल्युमिनियमचं ओतीव. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की धातू फुगायचा आणि सूर हलायचा. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी ज्या स्वस्त हवाईन निघाल्या, त्यांच्या लाकडावर शिंपल्याच्या झळाळीची नक्कल करणारं प्लास्टिक चिकटवलेलं असे. तिकडचे दर्दी त्याला चक्क ‘टॉयलेट सीट’ म्हणतात. आज त्याच गिटारींसाठी तेच लोक भांडतात. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांच्या मांडीवर असायची ती जेडसन नावाची लॅप स्टीलही स्वस्त जपानी माल होती.

‘मग मला अशी फळी दाखवा,’ काका म्हणाले.

होती. कपाटाखाली, खोक्यात, दोन दिवाळ्या पडून असलेली. काळी, चौकोनी, एक पिकअप, दोन बटणं. साडेसहा हजार. पडून का होती, ते मला ठाऊक होतं, म्हणून आधी टेप काढली. स्वस्त गिटारीत कारखाना जी चूक करतो ती इथेच असते: रेघा एका मापाच्या छापलेल्या आणि ब्रिज दुसऱ्याच मापाला ठोकलेला. नटापासून बाराव्या रेघेपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच त्या रेघेपासून ब्रिजपर्यंत हवं. नसेल तर वाजवणारा जन्मभर रेघ बघून बेसूर वाजवतो आणि स्वतःच्या कानाला दोष देतो. हिची तार साडेबावीस इंच. बारावी रेघ सव्वाअकरावर. जमलं.

मग पोलादी पट्टी घेतली आणि नटाजवळ सहाही तारांवर आडवी टेकवली. काकांना म्हटलं, वाका, डोळा तारांच्या पातळीत आणा आणि ट्यूबलाइटकडे बघा. बार सरळ असतो, म्हणून तारांचे माथेही एका पातळीत हवेत. एखादी तार खाली बसली असेल तर बार तिला नीट टेकत नाही आणि ती खरखरते.

‘तिसऱ्या तारेवर उजेड दिसतोय,’ काका म्हणाले.

दिसणारच. नटाची ती खाच खोल कापली गेली होती. तार सैल केली, खाचेत पितळी पत्र्याची मोहरीएवढी कपची सरकवली, तार पुन्हा चढवली. उजेड गेला. चार मिनिटांचं काम, आणि त्यापायी ती गिटार दोन वर्षं कपाटाखाली. शेवटी चाव्या: प्रत्येक चावी जरा मागे-पुढे फिरवून पाहिली. चावी हलली की सूर लगेच हलला पाहिजे. अर्धा आटा फुकट जात असेल तर ती चावी सूर धरणार नाही.

‘आणि घरी भाच्याची एक साधी गिटार पडून आहे, तिचं नाही होणार?’ काकांनी विचारलं. तेही होतं. नटावर बसवायचा लोखंडी उंचवटा तेव्हा शेदोनशे रुपयांत मिळायचा. तारा वर उचलल्या गेल्या की साधी गिटारही मांडीवर आडवी होते. पण अकूस्टिक गिटारच्या ब्रिजवरची पट्टी बहुधा गोलवा असलेली असते, ती सपाट करून घ्यावी लागते. नाहीतर बार मधल्या तारांवर डुलत राहतो. हे न सांगता उंचवटा विकला की गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं. मालकांना ते चालायचं, दुरुस्तीचे पैसे वेगळे.

तेवढ्यात पुढे ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं.

कॉलेजचा एक मुलगा होता. असाच उंचवटा घालून घेतलेली गिटार, मोबाइलवर बघून तो ‘सी सिक्स्थ’मध्ये लावत होता. सी, ई, जी, ए, सी, ई. नेहमीच्या गिटारची चौथी तार डी ला असते. तिला जी पर्यंत, म्हणजे पाच अर्धसुरांनी वर खेचायला गेला आणि तार तुटून मनगटावर बसली. वर्षातून एकदा तरी हे व्हायचंच. सी सिक्स्थसाठी तारांचा जोडच वेगळा लागतो. नेहमीच्याच तारा ठेवायच्या असतील तर सुरुवातीला ओपन डी लावावं: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. तिथे एकही तार वर चढत नाही. दोन आहेत तिथेच राहतात, बाकीच्या उतरतात. तुटायचा प्रश्नच नाही.

‘थांबा,’ काका म्हणाले. ‘हे ए बी सी डी मला कळत नाही. सरगममध्ये सांगा.’

ओपन डी म्हणजे सा प सा ग प सा. डोब्रो नावाची मांडीवरची गिटार वाजवणारे लावतात ते ओपन जी म्हणजे सा ग प सा ग प. आणि या मुलानं लावायला घेतलं होतं ते, सा ग प ध सा ग.

काका एकदम सरसावून बसले. ‘अहो, म्हणजे भूप! फक्त रिषभ कुठाय?’

‘तो तुम्ही आणायचा. सा च्या तारेवर, दोन रेघा पुढे.’

सव्वीस वर्षांत सी सिक्स्थचं वर्णन इतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. त्या मुलालाही ते पटलेलं दिसलं. मनगट चोळत तो आतच येऊन उभा राहिला. मग काका त्याला सांगत बसले, की १९४०च्या दशकात हवाईन गिटार वाजवणारे टाउ मो आणि त्यांचं कुटुंब कोलकात्यात राहिलं, त्यांच्याकडून गार्नी निस शिकले, आणि बंगालमध्ये घरोघरी ही गिटार गेली. की ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर तीही आहे. बंदिस्त फ्रेट नाहीत म्हटल्यावर मींड आपल्या हातची. आपल्याकडे हे वाद्य रुजलं ते त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. १९९४ साली विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळालं, त्यानंतर वर्षभर आमच्या दुकानात ‘ती ग्रॅमीवाली गिटार’ मागायला लोक यायचे, हे मी मध्येच घुसडलं. भट्टांच्या त्या गिटारीच्या, म्हणजे मोहनवीणेच्या, खुंट्या मोजल्या की बहुतेक जण युकुलेले घेऊन जायचे.

साडेसहा हजार गिटारीचे. तारांचा वेगळा जोड. उरलेल्यातला मोठा वाटा मी बारवर घालवायला लावला, आणि मालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. माझं मत तेव्हाही हेच होतं, आताही आहे: गिटारीत पैसे वाचवा, बारमध्ये वाचवू नका. मुलं काचेची पोकळ नळी आणतात, बोटात घालायची. ती उभ्या धरलेल्या गिटारीसाठी. मांडीवरच्या तारांना वजन लागतं. हलका बार थरथरतो आणि सूर पातळ येतो. भरीव पोलाद हवं, टोक गोल, तळ आरशासारखा. एकदा गॅरेजमधला एक पोरगा स्कूटरच्या प्लगपान्याचा कापलेला तुकडा घेऊन आला होता. मी हसलो. त्यानं वाजवून दाखवला. बरा वाजला, खोटं कशाला बोलू? पण तोही पोलादाचाच होता, आणि जड.

बार कसा धरायचा ते काकांना दाखवलं. करंगळी आणि अनामिका बारच्या मागे तारांवर हलकेच लोळत ठेवायच्या, नाहीतर मागच्या तारा कुजबुजत राहतात. बार रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही, नेमका रेघेवर. साध्या गिटारवाल्याला बोट फ्रेटच्या मागे ठेवायची सवय असते. हवाईनवर तसं केलं की प्रत्येक सूर उतरतो. काकांनी पहिल्याच दिवशी बार पायावर पाडला. सगळेच पाडतात.

पिशवी मात्र दहा हजारांत बसली नाही. काका गिटार जुन्या चादरीत गुंडाळून, छत्रीखाली छातीशी धरून घेऊन गेले. ते गेल्यावर मालक म्हणाले, ‘तू एकदा छातीचा एक्स-रे काढून घे.’

तीन महिन्यांनी काका परत आले. चादरीतून फळी काढली, स्टुलावर बसले. मला वाटलं, चावी गेली किंवा जॅक सैल झाला. तसं काही नव्हतं.

‘घसरते,’ काका म्हणाले. ‘टेरिकॉटच्या पँटवर राहतच नाही. अर्धी मींड होते आणि गिटार गुडघ्यावर.’

मी त्यांना मंडईजवळच्या प्लास्टिकच्या दुकानात पाठवलं. तिथून त्यांनी ट्रेखाली घालतात तसली जाळीदार रबरी मॅट आणली, वीस रुपयांची. कात्रीनं दोन पट्ट्या कापून गिटारीखाली मांडीवर ठेवल्या. फळी हलेना. मग त्यांनी सा छेडला, बार दोन रेघा पुढे नेला आणि माझ्याकडे बघितलं.

‘रिषभ उतरला ना?’

‘किंचित.’

‘थांबा, परत येतो,’ म्हणाले आणि बार पुन्हा सा वर नेला.