मोबाइल, घरातील संभाषण आणि बालविकास : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

बालकाच्या हाती मोबाइल किती वेळ असतो, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या संबंधात मर्यादा सुचविली. दोन वर्षांच्या आतील बालकास पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास तो दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये, असे तिचे स्वरूप आहे. ही मर्यादा उपयुक्त खरी. परंतु केवळ तासांची मोजणी करून विकासावरील परिणामाचा उलगडा होत नाही.

भाषा ही देवघेवीतून येते. मूल हुंकार देते, आई त्यास शब्दाने उत्तर देते, मूल पुन्हा तिच्या मुखाकडे पाहते. पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांपुढे चिनी भाषा बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसली, तेव्हा त्या भाषेतील ध्वनिभेद त्यांस ओळखता येऊ लागले. तेच बोलणे दूरचित्रवाणीवरून ऐकविले असता काहीच साध्य झाले नाही. ध्वनी तेच होते. उणीव होती ती प्रतिसादाची.

या कसोटीवर आपल्या दोन तालुक्यांकडे पाहावे. शिरूर तालुक्यात रांजणगाव व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. भोवताली उसाची शेती आहे. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा एका खोलीच्या घरात झोपतो. आई स्वयंपाकात गुंतलेली असते. आजी-आजोबा दूर गावी राहतात. अशा घरात मूल गप्प राहावे म्हणून हाती दिलेला मोबाइल हा चैनीचा नव्हे, तर सोयीचा भाग होय. यास्तव मातेस दोष देणे अशास्त्रीय ठरेल. उलटपक्षी, आजी नातवंडासह चित्र पाहून 'हा कोण रे?' असे विचारीत असेल, तर तोच पडदा संभाषणाचे निमित्त होतो. तसेच, मुलाच्या हाती काहीच नसता पालकच मोबाइलमध्ये गढलेला असला, तर मोजणीत शून्य येते. हानी मात्र होतेच.

२०२० साली टाळेबंदीत अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा पालकांपर्यंत पोहोचण्याचे साधनही मोबाइलच ठरले. म्हणून सरसकट निषेधही व्यवहार्य नाही.

तात्पर्य, क्षेत्रीय अभ्यासकाने 'किती वेळ?' या प्रश्नास आणखी तीन प्रश्नांची जोड द्यावी : त्या वेळी जवळ कोण होते? कोण कोणाशी बोलले? मोबाइल नसता, तर ती वेळ कशात गेली असती? वढू बुद्रुक परिसरात के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून लोकसंख्येच्या दीर्घकालीन नोंदीचे कार्य चालविले आहे. तशाच चिकाटीने एकाच घरातील संभाषणाचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तर पालकांस द्यावयाचा सल्ला त्यांच्या प्रत्यक्ष जीवनाशी जुळणारा होईल.