💧 टीडीएस कमी आला म्हणजे पाणी चांगलं असं नाही



टीडीएस मीटरवर विरघळलेले क्षार कळतात, फवारणीचं औषध कळत नाही. उसात वाळवीसाठी वापरतो त्या क्लोरपायरीफॉसची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला फक्त 0.03 मिलिग्रॅम आहे. आपला हातातला मीटर 1 मिलिग्रॅमच्या खाली दाखवतच नाही.

मग एवढासा अंश सापडतो कसा? चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर पाण्याचा थेंब ठेवून लेझर सोडतात. प्रत्येक रसायन स्वतःच्या ठरावीक खुणेचा प्रकाश परत देतं. हाच सर सी. व्ही. रामन यांनी 1928 साली शोधलेला रामन परिणाम. ही खूण फार फिकी असते, चांदीमुळे ती लाखो पटींनी ठळक होते. बियाण्याला चोळतो ते थायरमसुद्धा असं ओळखता येतं.

ही तपासणी सध्या मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत होते. तोपर्यंत आपल्या हातात एवढं आहे:

✅ पंप, डबे विहीर-बोअरजवळ धुऊ नका. धुवण फवारलेल्या रानातच मारा.
✅ उकळलं की औषध गेलं, असं धरू नका.
✅ शंका आली तर ते पाणी पिणं थांबवा. काचेच्या स्वच्छ बाटलीत नमुना द्या आणि "कीटकनाशक अंश तपासा" असं स्पष्ट सांगा. साध्या तपासणीत तो बघत नाहीत.

काही अडचण असल्यास ग्रुपवर विचारा. 🙏