डेलावेअर नदीतला उपाशी पाहुणा

मासा गळाला लागतो तो आमिषाच्या लोभाने, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांमध्ये दर वसंत ऋतूत येणारा शॅड हा मासा मात्र त्याला अपवाद आहे. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. तरीही 'फ्लाय फिशिंग' करणारे हौशी मासेमार त्याच्या प्रतीक्षेत तासन् तास कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात आणि तो त्यांच्या गळाला लागतोही.

शॅड हा आपल्या तारलीच्या आणि बंगालच्या हिलशाच्या नात्यातला, चंदेरी खवल्यांचा मासा. त्याच्या शास्त्रीय नावातील 'सॅपिडिसिमा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'अत्यंत चविष्ट' असा आहे. त्याचा जन्म गोड्या पाण्यातला. पहिल्याच शरद ऋतूत पिल्ले प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतात. तेथे तीन ते सहा वर्षे काढल्यावर अंडी घालण्यासाठी ती बहुधा आपल्या जन्मनदीतच परततात. हा उलटा प्रवास मुख्यतः अंगात साठवलेल्या चरबीच्या बळावर होतो.

मग उपाशी मासा गळ का पकडतो? याविषयी एकमत नाही. समुद्रात सूक्ष्म जीव टिपण्याची जुनी सवय जागी होत असावी, असे काहीजण मानतात. वाटेत आडवी आलेली वस्तू पाहून तो चिडत असावा, असे इतरांना वाटते.

फ्लाय फिशिंगचे तंत्रही वेगळे आहे. नेहमीच्या गळाला बांधलेले शिसे दोरीला दूर ओढून नेते. येथे पिसे आणि धागे गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी असते, की जाड, वजनदार दोरीच तिला वाहून नेते. शॅडसाठीची माशी कोणत्याही खऱ्या कीटकासारखी नसते. ती लहान, लाल, नारिंगी किंवा हिरवी अशी भडक रंगाची आणि बहुधा धातूच्या मण्यांचे डोळे असलेली असते. शॅडच्या झुंडी तळालगत चालतात. म्हणून बुडणारी दोरी वापरून माशी प्रवाहाला आडवी टाकतात आणि ती वाहत वळण घेऊ देतात. वळण पूर्ण होता होता बहुधा झटका बसतो. त्या क्षणी जोरात हिसका दिला की डाव हातचा गेलाच. कारण या माशाचा जबडा कागदासारखा नाजूक असतो आणि गळ फाडून निघतो. प्रखर उन्हापेक्षा पहाट आणि संध्याकाळ अधिक अनुकूल.

एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालणाऱ्या या छंदासाठी डेलावेअर नदी विशेष प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक किनाऱ्यावरील सर्वाधिक शॅड या नदीत पकडले जात. पुढे फिलाडेल्फिया परिसरातील मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी यांमुळे पाण्यातील प्राणवायू इतका घटला, की उन्हाळ्यात तेथे माशांसाठी जणू अदृश्य भिंतच उभी राहू लागली. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर सांडपाण्यावरील प्रक्रिया सुधारली आणि ती भिंत हळूहळू विरली. नदीकाठच्या लॅम्बर्टव्हिल गावात १९८१ पासून शॅड महोत्सव भरू लागला.

दुसरी भिंत मात्र खरीखुरी होऊ घातली होती. १९५५ च्या महापुरानंतर टॉक्स आयलंड येथे मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली आणि १९६२ मध्ये तिला मंजुरीही मिळाली. स्थानिकांच्या तीव्र विरोधामुळे ते धरण झाले नाही. म्हणूनच सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या या नदीचा मुख्य प्रवाह आजही धरणाविना वाहतो आणि समुद्रातून निघालेला शॅड न्यूयॉर्क राज्यातील हॅन्कॉकपर्यंत पोहोचू शकतो. शेजारच्या सस्क्वेहाना नदीला हे भाग्य लाभले नाही. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या कोनोविंगो धरणाने तेथील माशांची वाट रोखली.

तरीही सारे आलबेल नाही. २०२० मधील शास्त्रीय पाहणीने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शॅडची एकूण संख्या खालावलेली असल्याचा निष्कर्ष काढला. नदी स्वच्छ करणे हे काम एकदा करून संपणारे नव्हे, हाच त्याचा अर्थ.

ही कथा आपल्याला परकी नाही. एकेकाळी गंगेतून अलाहाबादपर्यंत, म्हणजे आजच्या प्रयागराजपर्यंत, जाणारा हिलसा १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्यानंतर तेथे दुर्मिळ झाला. नदीचे पाणी वाहते आहे एवढ्यावरून ती जिवंत ठरत नाही. समुद्रातून निघालेला मासा तिच्या माथ्यापर्यंत पोहोचतो का, ही तिची खरी परीक्षा. डेलावेअरच्या काठावरचा मासेमार दर वसंतात नकळत तीच परीक्षा घेत असतो.