रोवन आणि लाल दोरा

आपल्या अंगणात जशी तुळस, तसं स्कॉटलंड-आयर्लंडच्या डोंगराळ भागात जुन्या घरांच्या दाराशी रोवनचं झाड. केल्टिक परंपरेत जी झाडं पवित्र मानली गेली, त्यातलंच हे एक. वडा-पिंपळासारखं अवाढव्य मुळीच नाही. अंगानं सडपातळ, पानं कडुनिंबासारखी, दातेरी. वसंतात पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि उन्हाळा सरता सरता लालभडक फळांचे घोस लटकतात. दुसरी झाडं जिथे तग धरत नाहीत, अशा उंच कड्यांवर खडकाच्या फटीतही हे उभं राहतं.

त्याचा मान वाढला तो या लाल रंगामुळे. लाल रंगाला वाईट शक्ती घाबरतात, अशी तिथली जुनी समजूत. त्यातून फळ उलटं करून पाहिलं, तर देठाच्या विरुद्ध टोकाला पाच कोनांची इवलीशी चांदणी दिसते. ही तर रक्षणाची खूणच! मग काय, रोवनच्या दोन काटक्या एकमेकींवर आडव्या ठेवून लाल दोऱ्यानं बांधायच्या आणि गोठ्याच्या दारावर लावायच्या. १ मेच्या सुमाराला बेल्टेनचा सण येई, गुरं उन्हाळी कुरणांकडे निघत, तेव्हा हे हमखास होई. लोणी नीट निघावं म्हणून ताक घुसळायची दांडीही रोवनच्या लाकडाची करत. दाराशी असलेलं झाड तोडणं तर अशुभच. आयर्लंडमधल्या डर्मट आणि ग्रानिया या प्रेमिकांच्या जुन्या कथेत अशा एका झाडावर एक राक्षस पहारा देतो, कारण त्याची फळं खाल्ली की शंभरीचा माणूस तिशीचा होतो म्हणे!

आता औषधाचं बघू. या फळांत 'क' जीवनसत्त्व असतं, म्हणून स्कर्व्ही या आजारावर ती वापरली जात. घसा दुखला की फळांच्या रसाच्या गुळण्या करत. मात्र कच्ची फळं कडवट-तुरट लागतात आणि पोटालाही बाधतात. त्यांत पॅरासॉर्बिक आम्ल असतं. शिजवल्यावर त्याचं निरुपद्रवी सॉर्बिक आम्ल होतं. म्हणून तिथल्या बायका सफरचंदं घालून फळांची जेली करतात, ती मांसाबरोबर वाढतात.

आणि गंमत बघा, १८५९ मध्ये हॉफमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं याच फळांच्या तेलातून सॉर्बिक आम्ल वेगळं काढलं. पुढे लक्षात आलं, की त्यानं बुरशी रोखली जाते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या एखाद्या सॉसच्या किंवा जॅमच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'प्रिझर्व्हेटिव्ह २००' किंवा '२०२' लिहिलंय का बघा. २०० म्हणजे हेच सॉर्बिक आम्ल आणि २०२ म्हणजे त्याचा क्षार. आता ते कारखान्यात तयार होतं, पण नाव पडलं ते या झाडाच्या कुळावरून.

इथवर सगळं गोड वाटतं. पण गोठ्यावरची ती काठी नेमकी कोणापासून रक्षण करायची? उत्तर आहे, चेटकिणीपासून. आणि चेटकीण म्हणजे कोणी आकाशातून आलेली नव्हे, बहुतेक वेळा शेजारचीच बाई! गाय आटली, लोणी येईना, मूल दगावलं, की कोणाशी भांडण झालं होतं ते आठवायचं आणि तिच्यावर बोट ठेवायचं. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात चेटूक हा कायद्यानं गुन्हा होता. जवळजवळ ३८०० जणांवर आरोप झाल्याच्या नोंदी सापडल्या आहेत, त्यातल्या सुमारे ८४ टक्के बायका. रात्रंदिवस झोपू न देता त्यांच्याकडून कबुली घेत. सुमारे अडीच हजार जणांना मृत्युदंड झाला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ८ मार्च २०२२ रोजी, महिला दिनी, स्कॉटलंडच्या तेव्हाच्या प्रमुख मंत्री निकोला स्टर्जन यांनी त्या सगळ्यांची संसदेत माफी मागितली. पावणेतीनशेहून अधिक वर्षं गेली मधे!

लाल दोरा बांधून कोणाचं काही बिघडत नाही, असं आपण म्हणतो. दोऱ्यानं खरंच बिघडत नाही. बिघडतं ते त्या दोऱ्यामागे एखाद्या बाईचं नाव जोडलं जातं तेव्हा. हे काही फक्त परक्या मुलखातलं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एक कलम वाचून मी थबकलेच. मंत्रतंत्रानं कोणी गुरांचं दूध आटवतं, करणी करतं असं सांगून एखाद्या व्यक्तीविषयी संशय पसरवणं, तिचं जगणं मुश्कील करणं, हा गुन्हा आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. म्हणजे स्कॉटलंडच्या गोठ्यातला तो आरोप आपल्याही गावांत होता, म्हणून तर कायद्यात लिहावा लागला ना?

तेव्हा वाडीत, वस्तीत कोणा एकट्या, म्हाताऱ्या, विधवा बाईबद्दल अशी कुजबुज ऐकू आली, तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणून पुढे जाऊ नका. गाय आटली तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. कुजबुज वाढली तर चार जणी मिळून तिच्या घरी जा, तिच्या ओट्यावर बसून चहा घ्या, सगळ्या गल्लीला दिसेल असा. आणि त्रास द्यायला सुरुवात झाली, तर तिला घेऊन सरळ पोलीस ठाणं गाठा. गुन्हा दखलपात्र आहे, एवढं लक्षात असू द्या.