पहिला शनिवार, बँक चालू

पहाटे ३:४०

दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी. आज पहिला. म्हणजे लाँग रन करायचा तर साडेसातच्या आत घरात पाऊल पडायला हवं, कारण पावणेदहाला मला कॅश काउंटरवर बसायचं असतं. साताऱ्यात पळणाऱ्यांची काही कमी नाही, पण त्यातल्या निम्म्यांचं वेळापत्रक त्यांच्या ऑफिसनं ठरवलेलं असतं.

ओट्यावर रात्रीच काढून ठेवलेलं एक केळं आणि अर्धा कप कोरा चहा. मग पोट साफ होईपर्यंत थांबायचं. घाटात सोय नाही आणि बायकांना तर नाहीच नाही. काखेत, मांड्यांच्या आतून, ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन. दहा किलोमीटरला जाणवतही नाही अशी शिवण पंचविसाव्याला कातडं सोलते.

सासूबाई जाग्याच असतात. "पाठीमागं कोण लागलंय गं तुझ्या?" हा प्रश्न त्या दर शनिवारी विचारतात. उत्तराची त्यांना अपेक्षा नसते.

पहाटे ४:२०

समर्थ मंदिरापाशी पाचजण जमलोय. डोक्याला हेडटॉर्च, पाठीवर पाण्याची व्हेस्ट. आमच्यातले सर निवृत्त शिक्षक आहेत, दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही अल्ट्रामॅरेथॉन पळून आलेले. त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

यवतेश्वरचा घाट सुरू झाला आणि सर चालायला लागले. हा घाट मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला पळत चढलेली आहे, म्हणून अजूनही पाय वळवळतात.

"मॅडम, चढ दिसला की चालायचं. दम लागल्यावर चाललात तर उशीर झाला," सर मागं न बघता म्हणाले.

अल्ट्राची तयारी मला सगळ्यात अवघड गेली ती इथं. हाफ मॅरेथॉनवाल्यांना चालणं म्हणजे हरणं वाटतं. पण अल्ट्राचं गणित वेगळं. ४२.१९५ किलोमीटरच्या पुढं जे काही असेल ते अल्ट्रा, आणि नवख्यासाठी साधारण ५०. पन्नासला आठ तासांची मुदत असेल तर एका किलोमीटरला साडेनऊ मिनिटं मिळतात. सपाटीवर साडेसात-आठच्या पेसनं गेलात तर चढावर चालायला, थांबून बटाटा खायला, बुटातला खडा काढायला वेळ उरतो. त्या उरलेल्या वेळेचा हिशेब शिकणं, हीच निम्मी तयारी. म्हणून चालण्याचाही सराव करायचा: हात गुडघ्यांवर न टेकता, छोटी पावलं, बोलता येईल इतकाच दम. पळणाऱ्या कितीतरी जणांना धड भरभर चालता येत नाही.

पहाटे ५:१०

घाट संपला. आता कासच्या रस्त्यानं चढउतार. सप्टेंबर-ऑक्टोबरात या रस्त्यावर फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांची रांग असते, तेव्हा उजाडायच्या आत परतावं लागतं. आज रस्ता आमचा. कुत्र्यांचा आणि आमचा.

सरांच्या मागून चालताना शर्यत कशी निवडली ते सांगते, कारण मला फोन करणारा प्रत्येकजण तेच विचारतो.

सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी कॉम्रेड्सच असते. १९२१ पासून चालत आलेली, पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन यांच्यामधली, साधारण ९० किलोमीटर, बारा तासांची मुदत. बारा तास झाले की शेवटच्या रेषेकडं पाठ करून बंदूक उडवतात. एका सेकंदानं हुकलेल्याला मेडल नाही. त्यासाठी आधी ठरावीक वेळेत पूर्ण केलेली मॅरेथॉन दाखवावी लागते, आणि हिशेब केला तर किलोमीटरला आठ मिनिटं, बारा तास, खाणंपिणं धरून. आयुष्यातली पहिली अल्ट्रा म्हणून हे निवडणं मला उद्धटपणा वाटतो. विमानाचं तिकीट काढलं म्हणजे तयारी झाली असं समजणारे लोक मी बघितलेत.

मग डिसेंबरातली एसआरटी: सिंहगड, राजगड, तोरणा. ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटर असे गट. ५३ वर माझी नजर होती. आम्हाला अजिंक्यतारा आहे, सज्जनगड आहे, डोंगर नवा नाही. पण घसाऱ्यावरून पळत उतरणं ही वेगळीच कला आहे आणि चाळिशीनंतरचे माझे गुडघे ती वर्षभरात शिकतील, महिन्याभरात नाही. डोंगरातले ५३ आणि डांबरावरचे ५३ यांना एकाच मापानं मोजू नये. डोंगरात किलोमीटरपेक्षा एकूण चढ किती मीटर आहे तो आकडा आधी वाचावा.

स्टेडियम रन हा तिसरा पर्याय. चारशे मीटरच्या ट्रॅकवर बारा तास गोल गोल. हसू नका. नवख्यासाठी तो सगळ्यात सुरक्षित: दर फेरीला पाणी, खाणं, डॉक्टर, संडास, आणि सोडून द्यावंसं वाटलं तर खुर्ची समोरच. मला मात्र दुसऱ्याच तासाला वेड लागलं असतं.

शेवटी लोणावळ्याची ५० किलोमीटरची ठरवली. फेब्रुवारीत, डांबरी रस्ता, सुरुवात अंधारात, चढउतार आपल्या घाटासारखेच. तीन महिने हातात. घराबाहेर पडलं की जो रस्ता मिळतो तसाच शर्यतीचा असला तर सरावासाठी वेगळं कुठं जावं लागत नाही.

सकाळी ५:५०

अर्ध्यावरून वळलो. खाण्याची वेळ. भूक नसली तरी खायचं, दर अर्ध्या-पाऊण तासाला, तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. माझं वजन ५८ किलो. ढोबळमानानं किलोमीटरला ५८ कॅलरी धरल्या तर पन्नासला २,९०० होतात, आणि शरीरातली साठवलेली साखर साधारण २,००० ची. उरलेलं चरबीतून येतं, पण ते सावकाश येतं. साखर संपली की पाय जड होतात आणि डोकं चिडकं होतं. म्हणून पोटाला पळता पळता पचवायची सवय लावायची, आणि ती शर्यतीच्या दिवशी लागत नाही.

दिवाळी नुकतीच झाल्यामुळं आज व्हेस्टमध्ये फराळ आहे. बेसनलाडू बाद: तूप जास्त, घशाखाली उतरत नाही, अर्ध्या तासानं करपट ढेकर. शंकरपाळीनं तोंड कोरडं पडतं. चिवड्यावर मात्र सगळ्यांचे हात पडले, कारण दीड तास घाम गाळल्यावर जीभ मीठ मागते. तरीही टिकून राहिलेत ते जुनेच: बिया काढलेला खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ-जिरं लावलेला उकडलेला बटाटा. बाजारातली जेल दोन ठेवलीत, शेवटच्या तासासाठी.

पाणी घोट-घोट. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस, म्हणजे एका लिटरला एक पुडी. पळताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते तहानेपेक्षा घातक.

सकाळी ६:२०

उतार. फुकटचा वाटतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंची वाट लागते ती इथंच. पुढं झुकून, पाय अंगाखाली ठेवत. टाचा आपटत उतरलं की सोमवारी बँकेच्या पायऱ्या उलटं तोंड करून उतरायची पाळी येते. नख काळं पडलं असेल तर बूट लहान आहे असं समजा. अर्धा नंबर मोठा घ्या.

सकाळी ७:३५

घरी. २४ किलोमीटर. आंघोळ, दोन अंडी, मटकीची उसळ, भाकरी. भिंतीला पाय लावून दहा मिनिटं आडवी. लेकीचा डबा आज ह्यांनी केलाय.

सकाळी १०:१५

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. काउंटरपासून दारापर्यंत पेन्शनर. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले, मशीन काही अंगठा घेत नाही. ओल्या फडक्यानं पूस, परत लाव, दुसरं बोट बघ. एक आजी माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"तूच का गं ती, यवतेश्वराला पळत जातीस? नातू सांगत होता."

"हो आजी."

"बक्षीस किती देत्यात?"

"मेडल देतात."

"सोन्याचं?"

"नाही हो. उलट आपणच पैसे भरायचे."

आजींनी शेजारणीकडं बघितलं. मग समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "असू दे. पगार चांगला असंल." चौथ्या बोटाला मशीननं होकार दिला आणि त्या गेल्या.

दुपारी २:००

डब्यात भात-आमटी, दही. डोळे मिटायला लागतात, हे दर लाँग रनच्या दिवशी ठरलेलं. शिपाईमामा न सांगता चहा आणून ठेवतात. शेजारच्या टेबलावरचे साहेब दुखण्यावरची गोळी पुढं करतात, मी परत करते. शर्यतीत तर ती अजिबात नको: अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो.

नाव नोंदवायच्या आधी मी ईसीजी आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं होतं. बायकांनी दुसरं तर नक्की तपासावं. दम कमी पडतो म्हणून सराव वाढवत राहायचं आणि खरी कमतरता लोहाची, असं पुष्कळजणींचं होतं.

संध्याकाळी ६:३०

कॅश जुळली. घरी जिन्याच्या पायरीवर टाचा उचलायचा व्यायाम, एका पायावर उठबस. पंधरा मिनिटं, कंटाळवाणी आणि न टाळण्यासारखी.

मग उद्याची तयारी. रविवारी पुन्हा १८ किलोमीटर, थकलेल्या पायांवर. याला बॅक टू बॅक म्हणतात. पन्नास किलोमीटर पळून बघायची सरावात गरज नसते, तसं करणारे शर्यतीआधीच दुखापत घेऊन बसतात. मी ३४ वर थांबणार आहे. शनिवार-रविवार मिळून जो थकवा साचतो, त्यात पन्नासच्या शेवटच्या दहा किलोमीटरची ओळख होते. तीन आठवडे असे किलोमीटर चढवायचे, चौथ्याला उतरवायचे, आणि शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे हात आवरता घ्यायचा.

रात्री ९:००

ह्यांनी विचारलं, "लोणावळा झाल्यावर कॉम्रेड्स का?" मी म्हटलं, आधी लोणावळा मुदतीत होऊ दे.

उद्या पाच वाजता समर्थ मंदिर. नवखं कुणी येणार असेल तर जरूर या, आमच्यातला सगळ्यात हळू चालणारा तुमच्याबरोबर राहील. फक्त पाणी आणि खाणं आपापलं आणा. इतक्या सकाळी वर एकही टपरी उघडी नसते.